मुरलेली वाइन मित्रांसोबत: पहिल्या बैठकीची तयारी

पंचवीस-तीस वर्षं बाटलीत राहिलेली रेड वाइन पहिल्यांदा ग्लासात पडते, तेव्हा नवख्या माणसाचा चेहरा उतरतो. रंग विटकरी, कडेला तर जवळजवळ तपकिरी. वास बंद कपाटाचा. फळाचा मागमूस नाही. ‘ही गेली वाटतं,’ असं कुणीतरी म्हणतंच. मग वीसेक मिनिटांनी त्याच ग्लासातून सुकलेल्या गुलाबाचा, चामड्याचा, ओल्या पाचोळ्याचा वास वर येऊ लागतो आणि मघाशी बोललेला माणूस गप्प होऊन पुन्हा पुन्हा ग्लास नाकाशी नेत राहतो. ही वीस मिनिटं वाइनला मिळवून देणं, हे अशा बैठकीतलं मुख्य काम. बाकीची सगळी खटपट त्यासाठीच.

अशी बाटली एकट्याने उघडण्यात फारसा अर्थ नाही. जुनी वाइन उघडल्यावर दुसऱ्या दिवसापर्यंत क्वचितच टिकते. शिवाय तुमच्या नाकाला जे सापडत नाही ते शेजारच्याला सापडतं, आणि त्याने ‘मशरूम’ म्हटलं की तुम्हालाही ते लगेच जाणवतं. म्हणून चार-सहा जणांनी मिळून, एका चांगल्या रेस्टॉरंटमध्ये, जेवणासोबत. हे कसं जमवायचं ते टप्प्याटप्प्याने सांगतो.

आधी ‘मुरलेली’ म्हणजे काय ते समजून घ्या

जगात तयार होणारी बहुतेक वाइन पहिल्या काही वर्षांतच पिण्यासाठी केलेली असते. ती ठेवून दिली तर मुरत नाही, नुसती म्हातारी होते. मुरायला वाइनच्या अंगात काहीतरी शिल्लक लागते: भरपूर आंबटपणा, टॅनिन, साखर, किंवा पोर्ट आणि मदेइरासारख्या वाइनमध्ये असतो तसा वाढीव अल्कोहोल.

टॅनिन म्हणजे तरुण रेड वाइन प्यायल्यावर हिरड्या आवळल्यासारख्या वाटतात तो तुरटपणा. वर्षानुवर्षं बाटलीत पडून असताना टॅनिनचे आणि रंगद्रव्यांचे कण एकमेकांना धरून मोठे होत जातात आणि शेवटी जड होऊन तळाशी बसतात. तोच साका. त्यामुळे जुनी रेड वाइन फिकी होते आणि जिभेवर मऊ लागते. व्हाइट वाइनचं उलट असतं: ती वयाबरोबर गडद होत सोनेरी, मग मधासारखी होते. ताज्या फळांच्या वासाची जागा सुकामेवा, मध, तंबाखू, चामडं, जंगलातली माती असे वास घेतात. जर्मनीच्या रिस्लिंग या व्हाइट वाइनला जुनी झाल्यावर तर केरोसिनसारखा वास येतो. पहिल्यांदा दचकायला होतं, पण तो दोष नव्हे. द्राक्षांतल्या कॅरोटिनॉइड द्रव्यांपासून वयाबरोबर तयार होणाऱ्या एका संयुगाचा तो वास आहे, आणि अनेकांना तोच आवडतो.

कोणती बाटली आणायची

सुरुवातीला मोठ्या नावांच्या मागे लागू नका. फ्रान्सच्या बोर्दोचं १९८२, इटलीच्या बारोलोचं १९९६, जर्मन रिस्लिंगचं २००१ ही वर्षं नावाजलेली आहेत, पण नाव जितकं मोठं तितकं पहिल्याच बैठकीत सगळ्यांवर दडपण येतं आणि कुणी मोकळेपणाने बोलत नाही. माझा कल स्पेनमधल्या रिओहाच्या ग्रान रेसेर्वाकडे असतो. नियमानुसार ही रेड वाइन किमान ५ वर्षं मुरवूनच विकतात. त्यांपैकी २ वर्षं ओकच्या पिंपात जातात. म्हणजे निम्मं थांबणं उत्पादकानेच तुमच्यासाठी केलेलं असतं. लेबनॉनच्या बेका खोऱ्यातली शातो मुसारची रेडही अशीच, हंगामानंतर साधारण सात वर्षांनी बाजारात येते. व्हाइटमध्ये जर्मन रिस्लिंग, फ्रान्सच्या लुआर खोऱ्यातली शेनिन ब्लां आणि ऑस्ट्रेलियातल्या हंटर व्हॅलीची सेमियों या तिघी फार विश्वासू आहेत. हंटरची सेमियों तर बहुधा ओकच्या पिंपात न ठेवताच बाटलीत भरतात, तरी दहा-पंधरा वर्षांनी तिला भाजलेल्या टोस्टचा वास येतो. ओळखू न देता पाजली तर बरेच जण पिंपाचीच शपथ घेतात.

बाटली हातात आली की आधी पातळी बघा. बोर्दोच्या पद्धतीच्या, खांदे असलेल्या बाटलीत वाइन मानेत किंवा मानेच्या तळाशी असेल तर पंचवीस वर्षांच्या बाटलीसाठी ते उत्तम. पातळी खांद्याच्या मध्यापर्यंत उतरली असेल, तर आत बरीच हवा गेली आहे असं समजा. लेबल फाटलं, डागाळलं असेल तर घाबरू नका, तो बहुधा दमट तळघराचा पुरावा असतो. बुचाच्या कडेने वाइन पाझरून सुकल्याचे ओघळ दिसले तर मात्र काळजी करा. बाटली इतकी वर्षं कुठे होती, हे विकणाऱ्याला विचाराच. थंड, अंधाऱ्या जागी पडून राहिलेली साधी वाइन उन्हातान्हातून फिरलेल्या मोठ्या नावापेक्षा कितीतरी चांगली निघते.

माणसं किती, बाटल्या किती

बाटलीत ७५० मिलिलिटर वाइन असते. साक्यापायी चाळीस-पन्नास मिलिलिटर सोडून द्यावी लागते. सहा जणांत उरलेली वाटली तर प्रत्येकाला एका वाइनचे सव्वाशेच्या आतच मिलिलिटर मिळतात. एवढं पुरतं: अर्धी वाइन आल्या आल्या, अर्धी अर्ध्या तासाने. आठ जण झाले की वाटा इतका लहान होतो की वाइन ग्लासात बदलताना बघायला काही उरतच नाही. म्हणून सहा जण ही माझी मर्यादा.

सहा जणांना तीन बाटल्या, आणि एक राखीव. पहिल्यांदा यापुढे जाऊ नका. तेरा टक्क्यांच्या एका बाटलीत सुमारे ७७ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतो, आणि तिसऱ्या-चौथ्या वाइननंतर नाक-जीभ थकतात. मग सगळ्यात नाजूक बाटलीचं मोल कुणालाच कळत नाही. न पिता गाडी कोण चालवणार, हे आधीच ठरवा. टेबलावर थुंकण्यासाठी एखादा अपारदर्शक पेला मागून ठेवला तरी चालतो. चव घेऊन थुंकणं वाइनच्या जगात अजिबात असभ्य मानत नाहीत.

बाटल्यांना काही नातं असू द्या. एकाच उत्पादकाची तीन वेगवेगळी वर्षं, किंवा एकाच वर्षाच्या एकाच भागातल्या तीन वाइन. पहिल्या प्रकाराला व्हर्टिकल म्हणतात, दुसऱ्याला हॉरिझॉन्टल. नवख्यांसाठी मला तिसराच प्रकार सगळ्यात शिकवणारा वाटतो: एकच वाइन, एक बाटली चार-पाच वर्षांची आणि एक वीस वर्षांची. शेजारी शेजारी ठेवून दोन्हींचे घोट घेतले की मुरणं म्हणजे काय ते आपोआप कळतं.

रेस्टॉरंटशी आधी बोला

आगाऊ फोन केल्याशिवाय बाटली घेऊन जाऊ नका. बाहेरची वाइन चालते का, बाटलीमागे किती कॉर्केज, म्हणजे बाहेरची बाटली उघडून वाढण्याचं शुल्क, घेतात, किती बाटल्यांची मुभा आहे, हे स्पष्ट विचारा. काही ठिकाणी कायद्यानेच बाहेरची वाइन आणता येत नाही. त्यांच्या यादीत असलेलीच वाइन सोबत नेऊ नये, हा साधा शिष्टाचार आहे. शक्य असेल तर एखादी बाटली, निदान सुरुवातीची शॅम्पेन तरी, त्यांच्याकडून घ्या.

ग्लासांचा हिशेबही फोनवरच सांगा. सहा माणसं, तीन वाइन म्हणजे अठरा ग्लास. प्रत्येक वाइनला वेगळा ग्लास हवाच, कारण पहिली वाइन अजून बदलत असते आणि तिच्याकडे परत जायचं असतं. टेबल मोठं हवं, उजेड बरा हवा आणि कापड पांढरं. आणि मित्रांना एक निरोप द्या: त्या संध्याकाळी अत्तर लावू नका. एका माणसाचं अत्तर सहा जणांची वाइन झाकून टाकतं.

तिथे सोमेलिए असेल, म्हणजे वाइनची जबाबदारी असलेली व्यक्ती, तर तिच्यासाठी प्रत्येक बाटलीतून एक घोट बाजूला काढा. हा मान म्हणूनही द्यायचा आणि व्यवहार म्हणूनही. तिने शेकडो जुनी बुचं काढलेली असतात, आणि ‘ही थोडी थांबवू या’ असं ती म्हणाली तर ते ऐकण्यात आपलाच फायदा असतो.

बाटली उभी करा, आणि हलवू नका

साका बसलेली रेड वाइनची बाटली निदान एक-दोन दिवस आधी उभी करून ठेवा. जास्त दिवस मिळाले तर अधिक चांगलं. आडव्या बाटलीत साका कुशीवर पसरलेला असतो, तो तळाशी यायला वेळ लागतो. जेवणाच्या दिवशी गाडीच्या डिकीत टाकून नेली तर सगळी मेहनत वाया. जमलं तर बाटल्या आदल्या दिवशीच रेस्टॉरंटमध्ये पोहोचवा. नाहीच जमलं तर मांडीवर उभी धरून न्या. उन्हात थांबलेल्या गाडीत अर्धा तासही ठेवू नका.

तापमानाचंही बोलून ठेवा. जुनी रेड १६ ते १८ अंश सेल्सिअसला चांगली लागते. जेवणघराची हवा बहुतेक वेळा त्याहून गरम असते. गरम झालेल्या जुन्या वाइनमध्ये अल्कोहोलच पुढे येतो आणि बारीक वास हरवतात. जुनी व्हाइट १० ते १२ अंशांना द्या. बर्फातून थेट ओतली तर ती मुकी असते.

बूच काढणं

इथे घाई केली तर सगळं बिघडतं. पंचवीस-तीस वर्षांचं बूच ओलं, ठिसूळ, चुरा होणारं असतं. नेहमीचा पिळाचा स्क्रू त्याच्या मधोमध भोक पाडतो आणि अर्धं बूच आतच राहतं. जुन्या बाटल्यांसाठी दोन पात्यांचा ओपनर असतो, त्याला आ-सो म्हणतात. त्याचं लांब पातं आधी बूच आणि काच यांच्यामध्ये सारायचं, मग आखूड पातं दुसऱ्या बाजूने. डावी-उजवीकडे हळूहळू झुलवत दोन्ही पाती आत नेत जायची आणि मग खेचण्याऐवजी पिळत पिळत वर आणायचं. पात्यांचा दाब खालच्या दिशेने असतो, म्हणून बूच आधीच सैल असेल तर ते आत ढकललं जाऊ शकतं. अशा वेळी स्क्रूच बरा.

त्याआधी मानेवरची धातूची टोपी पूर्ण काढा, नुसती वरची चकती नव्हे. निथळताना, म्हणजे साका मागे ठेवून वाइन दुसऱ्या भांड्यात ओतताना, मानेतून प्रकाश दिसायला हवा. बाटलीच्या ओठावर काळपट बुरशी असेल तर ओल्या फडक्याने पुसा. बूच निघाल्यावर ओठ आतून पुन्हा पुसा.

बूच तुटलंच तर तो कुणाचाही दोष मानू नका. उरलेला तुकडा आत ढकला आणि स्वच्छ, वास नसलेल्या मलमलच्या कापडातून वाइन गाळून घ्या. चवीला काही होत नाही.

निथळायची की नाही

यावर जाणकारांचे आयुष्यभराचे वाद आहेत. बोर्दोचे प्राध्यापक एमिल पेनो यांचं म्हणणं असं होतं की निथळायचं ते फक्त साका वेगळा करण्यासाठी, आणि तेही पिण्याच्या अगदी आधी, कारण हवेने जुन्या वाइनचा वास विरून जातो. फ्रान्समधले जुन्या बाटल्यांचे संग्राहक फ्रांस्वा ओदूझ दुसऱ्याच वाटेने जातात: बूच चार-पाच तास आधी काढायचं, बाटली तशीच उघडी उभी ठेवायची, निथळायचं नाही. मानेतून जितकी हवा लागेल तितकीच पुरेशी, असा त्यांचा विचार.

माझं मत सांगतो. खूप जुनी आणि फिकी वाइन, विशेषतः फ्रान्सच्या बर्गंडी भागातली पिनो न्वार, निथळू नये. बोर्दो, बारोलो आणि व्हिंटेज पोर्टमध्ये साका भरपूर असतो. त्या निथळाव्या, पण वाढायच्या जरा आधी. आणि कोणतीही असो, आधी बूच काढून एक घोट चाखून बघा. वास आत्ताच छान येत असेल तर तिला मुळीच छेडू नका. बंद वाटत असेल तर हवा द्या. वाइनचं वय पाहून ठरवण्यापेक्षा तिला विचारून ठरवणं मला पटतं.

निथळताना डिकँटर, म्हणजे वाइन ओतून घ्यायचं काचेचं भांडं, एका हातात, बाटली दुसऱ्या हातात, आणि बाटलीच्या खांद्याखाली दिवा. मेणबत्ती हवीच असं नाही, फोनचा टॉर्च चालतो. एकाच संथ धारेत, मध्ये न थांबता ओता. खांद्यापाशी काळसर धूर दिसू लागला की थांबा. तो धूर म्हणजेच साका.

निथळायचीच नसेल तर एक गोष्ट विसरू नका: सगळ्यांचे ग्लास एका दमात भरा. एकाला ओतून बाटली सरळ केली, मग दुसऱ्यासाठी पुन्हा वाकवली, की दर खेपेला साका उसळतो आणि शेवटच्या माणसाच्या वाट्याला चिखल येतो. म्हणून बाटली आडवीच धरून ग्लासांच्या रांगेवरून न्या. वाइन दोन फेऱ्यांत देता येणार नाही, पण मोठ्या ग्लासात तिला बदलायला जागा मिळते.

कोणती आधी, कोणती नंतर

रूढ क्रम असा: आधी हलकी, मग भरीव, आधी कोरडी, मग गोड, आधी तरुण, मग जुनी. शेवटच्या नियमापाशी मी थांबतो. चाळीस वर्षांच्या कोमल वाइनच्या आधी पंधरा वर्षांची दणकट वाइन दिली तर जुनी पाण्यासारखी लागते. वयापेक्षा ताकद बघा. नाजूक ती आधी, मग ती कितीही वर्षांची असो.

जेवण साधं ठेवा. भाजलेलं मांस, मशरूम, मुरलेलं पण उग्र नसलेलं चीज, लोण्यात परतलेल्या भाज्या. तिखट, व्हिनेगर आणि गोड सॉस ही तीन माणसं या टेबलावर नकोत. शक्य असेल तर पहिले दोन घोट जेवणाआधी घ्या आणि मग जेवणासोबत. अन्नाने वाइन बदलते, तो बदल टिपायला आधीची चव माहीत हवी.

ग्लास हातात आल्यावर

आधी हलवू नका. ग्लास टेबलावर तसाच ठेवून नाक जवळ न्या. जुन्या वाइनचे सगळ्यात सूक्ष्म वास या पहिल्या क्षणी असतात आणि जोरात फिरवलं की ते उडतात. मग पांढऱ्या कापडावर ग्लास तिरका करून कडेचा रंग बघा: मध्ये माणकासारखा, कडेला विटकरी किंवा नारिंगी. आता अलगद एकदा फिरवा आणि पुन्हा वास घ्या. मग छोटा घोट, तोंडात थोडी हवा ओढून, सगळ्या जिभेवर फिरवून. गिळल्यावर चव किती वेळ राहते ते मनात मोजा. चांगल्या मुरलेल्या वाइनची चव गिळल्यानंतरही चालत राहते, कधी कधी बदलतही जाते.

ग्लास बाजूला ठेवा, बोला, जेवा. दहा मिनिटांनी परत या, आणखी वीस मिनिटांनी पुन्हा. काही वाइन सुरुवातीला बंद असतात आणि तासाभराने फुलतात. काही उघडल्याबरोबर भरभरून देतात आणि अर्ध्या तासात विझतात. कोणती कशी निघेल हे आधी कळत नाही, म्हणून पहिल्याच घोटावर कुणालाही निकाल देऊ देऊ नका.

शब्द सापडत नसतील तर पुस्तकी शब्द शोधू नका. ‘माझ्या आजोबांच्या लाकडी पेटीचा वास,’ असं कुणी म्हणालं तर ते ‘देवदार’ म्हणण्यापेक्षा जास्त नेमकं आहे. एक नियम मात्र करा: प्रत्येकाने दोन ओळी लिहून झाल्यावरच बोलायचं. नाहीतर जो आधी बोलतो त्याचंच नाक सगळ्यांना मिळतं.

बाटली खराब निघाली तर

कधी ना कधी निघणारच, आणि जुन्या बाटल्यांत जास्त. ओल्या पुठ्ठ्याचा, दमट तळघराचा वास येत असेल आणि हवेने तो वाढतच जात असेल, तर ती कॉर्क लागलेली वाइन. टीसीए नावाचं संयुग त्याला कारणीभूत असतं. ते १९८१ साली ओळखलं गेलं. लिटरमध्ये काही नॅनोग्रॅम एवढ्यानेही वाइन मरते, आणि तिला उपाय नाही. पण बंद कपाटाचा वास दहा-पंधरा मिनिटांत विरत असेल, तर ती फक्त बरीच वर्षं कोंडलेली होती. या दोन्हींमधला फरक ओळखायला एकच साधन आहे: वेळ.

कापून ठेवलेल्या सफरचंदाचा वास आणि तपकिरी झालेली व्हाइट म्हणजे हवेने खाल्लेली. बर्गंडीच्या व्हाइट वाइन १९९० च्या दशकाच्या मध्यापासून अकाली अशा होऊ लागल्या, त्यामुळे ती आणायची असेल तर राखीव बाटली हवीच. नेलपॉलिश काढायच्या द्रवासारखा तीव्र वास आंबल्याची खूण. तबेल्याचा हलका वास मात्र काहींना आवडतो. तो ब्रेटॅनोमायसिस या यीस्टचा असतो. थोडा असेल तर मीही त्याला दोष म्हणत नाही.

बाटली आणणारा माफी मागू लागला तर त्याला लगेच थांबवा. त्याने ती वर्षानुवर्षं जपली, ती इथे आणली. आत काय झालं ते बुचाशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. खराब वाइनचाही एक ग्लास टेबलावर राहू द्या. दोष ओळखायला शिकण्याची अशी संधी फुकट मिळते, आणि पुढच्या वेळी कुणी तोच वास सांगितला की सगळ्यांना लगेच ओळखता येतो. मग राखीव बाटली उघडा.

जेवण संपत आलं की वेटर ग्लास उचलायला येईल. त्याला आधीच सांगून ठेवा की कॉफी होईपर्यंत एकही ग्लास हलवायचा नाही. प्रत्येकाने प्रत्येक ग्लासात एक घोट मागे ठेवलेला असेल. ते तीन घोट आता परत त्याच क्रमाने घ्या आणि संध्याकाळच्या सुरुवातीला लिहिलेल्या दोन ओळी काढून बघा.